बारावं गाव

"हे तुमच्या भुसा भरलेल्या डोक्यांत शिरणार न्हाई," चाकूरच्या टपरीवर जमलेल्या पोरांना म्हातारा व्यंकटी म्हणाला.

दुष्काळात टँकरची यादी त्याच्याकडं होती. गावांची नावं एका ओळीत टाकली की त्याचा संगणकावरचा प्रोग्राम स्वल्पविरामापाशी ओळ तोडी आणि प्रत्येक नावाचं व्हेरिएबल, म्हणजे एक रिकामा डबा, आपोआप घडवी. त्यात त्या गावच्या टँकरचा आकडा भरायचा.

एकदा नावं टाकली अकरा आणि डबे झाले बारा. बाराव्यावर नाव होतं केवळवाडी. जिल्हा नवा झाला तेव्हाच्या नकाशातसुद्धा असलं गाव नव्हतं. पुसलं, तरी रोज सकाळी तो रिकामा डबा परत हजर.

"शेवटी मलाच दया आली. रोज एक टँकर धाडला."

"खोटं बोलता, काका," मागच्या बाकावरची अनोळखी बाई म्हणाली. "आम्ही केवळवाडीवाले अजून वाट बघायलोत."