बोटभर कापड

झग्याची बाही मुलीच्या दंडावर अडली, तशी शिंपीण आईनं ती हलकेच मागे ओढली. वर्षापूर्वी जावयाच्या टोमण्यांपायी मुलीनं पोटाची चरबी काढून छातीत भरून घेतली, तेव्हाच आईनं हा झगा शिवला होता. “शिवणीत माया सोडू नकोस. चरबीच्या पेशीच काढल्यात, आता जाड व्हायची नाही,” मुलीनं बजावलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आईनं उसवून वाढवायला बोटभरही कापड राखलं नाही. आज टेप लावली. पोट तेवढंच होतं, दंड आणि पाठ मात्र भरली होती. लहानपणी बोटभर वाढली तरी पोर टाळ्या पिटायची. आता ती म्हणाली, “हे म्हणतात, पुढून नटी, मागून पैलवान. सोमवारी दंडांचं ऑपरेशन.” “मग चरबी कुठे जाईल, बाळा?” “जाईल तिथून काढू. नवा झगा शीव. माया नको.” आईनं नव्या कापडावर खडूची रेघ ओढली आणि रेघेलगतच कात्री चालवली.