पोरिंचूचा शंभरावा पक्षी

"आजही नाही आला मेला!" त्रेस्या पुटपुटली आणि तिनं दुर्बीण मांडीवर टाकली.

पहाटे पाचपासून ती ओट्यावर बसून होती. चूल पेटलेली नाही, कोंबड्या सोडलेल्या नाहीत आणि समोरच्या फणसावर तोच तो कावळा. शेजारी शैलजा टीचर पोरिंचूची वही घेऊन बसल्या होत्या. गावातल्या पक्षी बघणाऱ्या मंडळाचा कारभार त्यांच्याकडे होता. उद्या रविवारी चर्चमध्ये पोरिंचूला जाऊन वर्ष झाल्याची प्रार्थना, मग घरी जेवणं. जेवणाआधी मंडळ त्याची यादी वाचून दाखवणार होतं. यादीत नव्याण्णव पक्षी, प्रत्येकापुढे नाव आणि 'पाहुणा की इथला' असा रकाना. शंभराव्या ओळीत मात्र नुसतं प्रश्नचिन्ह. नवऱ्याचं एवढं एक काम अर्धवट राहिलेलं सगळ्या गावाला कळणार, या विचारानं त्रेस्याचा जीव खालीवर होत होता.

पोरिंचू बस चालवायचा. तीस वर्षं पहिली बस त्याची. साडेतीनलाच घराबाहेर पडायचा. इंजिनाशेजारी बसून बसून त्याचा डावा कान कायमचा गेला होता. निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्यानं स्कूटरही विकली. "खूप धूर सोडला, आता पुरे," म्हणाला. मंडळातली माणसं गाड्या काढून डोंगरात पक्षी बघायला जायची. हा जायचा नाही. घरातून दिसेल, अंगणात ऐकू येईल, पायी जाऊन भेटेल, तेवढंच वहीत. घरट्याच्या जवळ जायचं नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पाखराला फसवायचं नाही. अंगणात पाखरू उतरलं की हा श्वास रोखून उभा. त्रेस्या म्हणायची, "अहो, माझ्या माहेरी कधी इतक्या अदबीनं वागला असतात, तर माझ्या भावांनी हार घातले असते!"

"पुन्हा वाचा बघू, टीचर," ती आता म्हणाली.

टीचरनी वही डोळ्यांजवळ धरली. "'नवा आवाज. उजाडायच्या आधी. इतका गोड आवाज या अंगणात आजवर ऐकला नव्हता. एका कानानं दिशा लागत नाही. फणस? चिंच?' मग इथे आहे, 'त्रेस्या बहिणीकडे चालकुडीला गेली. पक्षी गप्प.' पुढे, 'त्रेस्याला ताप. चहा नाही. पक्षीही नाही.'"

"बघा! मी तापानं फणफणलेली आणि यांना पाखराची पडलीय!"

टीचर हसल्या. "आणि ही शेवटची नोंद. 'बसायची जागा सापडली. जवळ जाणार नाही. चाहूल लागली तर पुन्हा बोलणार नाही.' बस, एवढंच."

"जागा सापडली, तर लिहायला काय झालं होतं? हात मोडले होते?" त्रेस्या फणकारली. शेवटचे दोन महिने तर त्या माणसाचं काही कळतच नव्हतं. ओट्यावरची खुर्ची उचलून परसात, मागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून बसायचा. ना झाड दिसतं, ना आभाळ. पाण्याची बादली घेऊन जाताना रोज तिचा पाय त्या खुर्चीत अडकायचा आणि रोज ती शिव्या घालायची. तो नुसता हसायचा.

"चेची, खाली खुणा आहेत ना, त्या वाजवून बघते," त्रेस्याला थोरली बहीण मानणाऱ्या टीचर म्हणाल्या. "दोन लांब रेघा, तीन ठिपके, मग एक रेघ खाली उतरत गेलेली."

त्रेस्याला त्या खुणा तोंडपाठ होत्या, पण कागदावरच्या रेघांना कुठे आवाज असतो! टीचरनी ओठ गोल केले. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा थुंकी उडाली आणि दोघींना हसू फुटलं. तिसऱ्यांदा शिट्टी जमली. दोन लांब, तीन तुटक, मग एक उतरती.

त्रेस्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

आठ वर्षांची असताना शिट्टी वाजवली म्हणून बापानं तिच्या ओठांवर फटका मारला होता. रक्त आलं होतं. त्यानंतर ती माणसांत कधी वाजवायला गेली नाही. फक्त अंधारात, मागच्या स्वयंपाकघरात, चूल पेटवताना, नारळ खवताना, सगळं घर झोपेत आहे असं समजून तिचे ओठ आपसूक गोल व्हायचे आणि हीच शिट्टी निघायची. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू जात नाही. पोरिंचू गेल्यापासून तेही बंद होतं.

"चेची? पाणी आणू का?"

त्रेस्या उठली आणि परसात गेली. खुर्ची भिंतीपाशी तशीच होती. ती तिच्यात बसली. डोक्यामागे झरोका होता आणि झरोक्यापलीकडे तिची चूल, तिची खवणी.

"अहो, एकदा तरी सांगायचं होतंत," ती म्हणाली. आणि मग तिचं तिलाच हसू आलं, रडूही आलं. सांगितलं असतं, तर लाजेनं तिनं पुन्हा कधी ओठ उघडले असते का?

टीचर वही घेऊन मागोमाग आल्या होत्या. त्रेस्यानं पदरानं तोंड पुसलं, जिभेनं ओठ ओले केले आणि भर उजेडात, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशी शिट्टी वाजवली. दोन लांब, तीन तुटक, एक उतरती.

टीचरनी वही उघडली. पेन्सिल उचलली. "चेची... नाव लिहू?"

"त्यांनी लिहिलं नाही, तुम्हीही लिहू नका," त्रेस्या म्हणाली. "पुढचा रकाना तेवढा भरा. इथला."