सदतीस अंश

नव्याण्णवचा उन्हाळा. कन्हेरी गावातल्या घरी धम्मदीपनं कॉम्प्युटरच्या कर्नेलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातच, दोन नियम लिहिले होते. प्रोसेसर तापला की वेग कमी करायचा आणि फारच तापला तर बंद करायचा.

पडद्यावरचं तापमान मात्र सदतीसवरच अडून बसलेलं. सेन्सरची वायर उपटली, तरी आकडा तिथंच.

आज तो एकोणचाळीस झाला.

रंगुबाईनं लेकाच्या कपाळाला हात लावला. "ताप हाय की रं तुला." तिनं मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवली. आकडा एकनं उतरला.

पट्टी सुकली, तसा चढत चाळीसवर गेला. पहिला नियम लागू झाल्याचं पडद्यावर उमटलं.

"आई," त्यानं हाक मारली.

"असं सावकाश का बोलतुयास रं?"

दुसरा नियम पुसायला धम्मदीपनं हात उचलला. कीबोर्ड वीतभरावर होता. बोट अजून वाटेतच होतं.