पाचव्या गाण्यातलं मशीन

मावशी एकटीच येईल असं भाचीला वाटलं होतं. मावशी शिलाई मशीन घेऊन आली.

तेही साधंसुधं नाही, पायाने चालवायचं, लोखंडी सांगाड्यासकट. ध्वनिसंग्रहालयाचे तीन मजले ते चढवताना दोन पहारेकरी आणि टेम्पोवाला घामाघूम झाले. मावशी मागून सांगत होती, "सांभाळून रे बाबांनो, गाणारं मशीन आहे ते."

"झाली सुरू," जिन्यात दम खात भाचीची आई म्हणाली. ती मावशीची थोरली बहीण. मावशी तिला ताई म्हणायची आणि ताई मावशीला थापाडी.

आता थापाडी म्हणजे किती, तर बघा. जन्मभर या बाईने शाळेचे गणवेश शिवले आणि गोष्टी सांगितल्या. नदीवर एकदा तिने मगरीचं माप घेतलं होतं म्हणे, विजारीसाठी. एकदा वादळात दुकानातले पडदे धरून ठेवायला गेली, ती थेट पुढच्या गावात उतरली. आणि तरुणपणी तिच्या दुकानावरच्या माडीत काही पोरांनी हिप-हॉपचा तो गाजलेला अल्बम केला, तेव्हा फळीच्या फटीतून खाली माईक सोडून पाचव्या गाण्याचा ताल त्यांनी तिच्या मशीनवर धरला. मगर, पडदे, लोक सोडून द्यायचे. अल्बमला मात्र खो खो हसायचे. तो सगळ्यांच्या घरी होता, आणि त्यात मशीन कुठेच वाजत नव्हतं.

"पुरे झालं आता," गेल्या वर्षी भरल्या ताटांवर ताईने सगळ्यांसमोर बजावलं होतं. "वर्षभरात ते मशीन मला ऐकव. नाहीतर यापुढे जेवताना एकही गोष्ट नाही. कायमची बंद."

मावशीने टाळी देऊन कबूल केलं. पण मावशीने गप्प बसून जेवायचं? ती जेवलीच नसती.

म्हणून भाचीने अल्बम धुंडाळायला घेतला. फोनवरचा आवाज म्हणजे नुसता चोथा. कॅसेट घासून गेलेली. सीडी झाली, नवी 'स्वच्छ' आवृत्ती झाली, समुद्रापलीकडच्या एका माणसाने तांदळाच्या पोत्यात गुंडाळून पाठवलेली तबकडीही झाली. प्रत्येकाने खरखर समजून काही ना काही पुसून टाकलं होतं. "इतकं धुतलंय गं," भाची म्हणायची, "त्यात धूळ उरली नाही, मशीन कुठून उरणार?" शेवटी तिला या संग्रहालयाचा पत्ता लागला. पोरांनी भरलेली मूळ टेप इथे थंड कपाटात होती. ताईने दिलेलं वर्ष संपायला चारच दिवस बाकी होते.

टेप सांभाळणाऱ्या गृहस्थांनी पांढरे हातमोजे घातले आणि टेप अशी उचलली, जशी कुणी झोपलेलं तान्हं उचलावं. पाचवं गाणं लागलं. आवाज इतका लख्ख, की रॅप करणाऱ्या पोराने मध्येच श्वास घेतलेला कळत होता. ड्रम होता, पोरं होती. मशीन नव्हतं.

गाणं संपलं. ताईने पर्स उचलली. "चला. जेवायला उशीर होतोय."

मावशी गळ्यातली मापाची टेप बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मावशीला गप्प बसलेलं भाचीने कधी पाहिलंच नव्हतं.

"सर, अजून काहीच नाही का हो यात?"

"आहे की," गृहस्थ म्हणाले. "टेपवर आठ पट्टे आहेत. एकात ड्रम, एकात आवाज, असं. आत्ता वाजवलं ते सगळं एकत्र केलेलं, त्यात बारीक आवाज ड्रमखाली दबून जातो." त्यांनी जुन्या डबीवरचा पुसट कागद डोळ्यांजवळ नेला. "सात कळतात. आठव्यावर नुसतंच 'खालून' असं लिहिलंय."

"लावा!" मावशी ओरडली.

त्यांनी सात बटणं खाली ओढली, एक वर.

टक टक टक खट्. टक टक टक खट्.

"आकडा!" मावशी उठून उभी राहिली. "मशीनच्या चाकाचा पट्टा तुटला होता, तो मी केसातला आकडा लावून जोडला. चाकावरून आकडा जाताना खट् होतं!" आणि ती मशीनवर जाऊन बसलीच. चप्पल काढून पाय ठेवला, चाक फिरवलं. टक टक टक खट्. स्पीकरमधलं मशीन आणि खोलीतलं मशीन बरोबर चालू लागलं, इतकं बरोबर की कुठलं कुठलं ते कळेना. दारातला पहारेकरी मान डोलवायला लागला. टेम्पोवाला तर सरळ नाचायलाच लागला.

मग स्पीकरमधलं मशीन थांबलं. एक ठसकेबाज, कोवळा आवाज खोलीभर झाला:

"काय रे पोरांनो, झालं का? मला अजून चाळीस गणवेश शिवायचेत!"

वर माडीत पोरं हसली. टेप संपली.

ताईने हातातली पर्स खाली ठेवली. धाकट्या बहिणीचा विसाव्या वर्षीचा आवाज तिला ओळखू येणार नाही होय? तिने डोळे पुसले, नाक ओढलं. मग मावशीजवळ सरकली आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं,

"आणि... ती मगर?"

मावशीने गळ्यातली टेप सारखी केली.

"कंबर अठ्ठावन्न," ती म्हणाली. "पण मेलीने पोट आत ओढलं होतं."