सोळा तिरपी भोकं

"तिसरं पत्र," म्हणत श्रीकांतनं लिफाफा टेबलावर ठेवला, तेव्हा हिम्मतरावांनी खिशातून चष्मा काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. इंग्रजी त्यांना तसंही वाचता येत नव्हतं. चष्मा आपला पत्राचा मान राखायला.

आबिड्सच्या बाजारात चपलांच्या दुकानावरची ही खोली. श्रीकांत पुण्याचा, पेटंटचे अर्ज करून द्यायचा. हिम्मतराव त्याला वकीलसाब म्हणत. मी वकील नाही, हे दोनदा सांगून त्यानं नाद सोडला होता. हिम्मतरावांचं वर्कशॉप गौलीगुड्यात. डोझरच्या चेनीच्या आत जी चाकं फिरतात, त्यातलं एक त्यांनी नव्यानं घडवलं होतं. धानाची शेतं सपाट करताना काळा चिखल चेन आणि चाकाच्या मध्ये जाऊन बसतो आणि भर कामात चेन उतरते. हिम्मतरावांच्या चाकाला कडेनं सोळा तिरपी भोकं होती. चाक फिरलं की चिखल बाहेर. एवढंच. एवढ्यासाठी पावणेदोन वर्षं पत्रं चालली होती.

पहिल्या पत्रात मद्रासच्या पेटंट कचेरीतल्या तपासणी अधिकाऱ्यानं विचारलं होतं, भोकं तिरपी का? दुसऱ्यात, किती तिरपी? "हाताला बरी वाटली तेवढी," हिम्मतराव म्हणाले होते, आणि श्रीकांतनं ते अंशांत मोजून पाठवलं होतं.

"आता काय विचारतोय?"

"आता विचारत नाहीये, सांगतोय. अशाच चाकाचा अर्ज एका परदेशी कंपनीनं आपल्याकडे आधीच केलाय. त्र्याण्णवच्या डिसेंबरात. तुमचा अर्ज त्यानंतरच्या फेब्रुवारीतला. आधी आला तो खरा."

"चोरलं माझं?"

"नाही हो. तिकडे कुणाला तरी हेच सुचलं."

"तिकडे पण असला चिखल आहे?" हिम्मतरावांना पहिल्यांदाच त्या माणसांबद्दल जरा बरं वाटलं. "मग मी बनवतोय ते?"

"त्यांना पेटंट मिळालं की तुम्हाला बनवता येणार नाही."

"माझंच चाक, मलाच? अजब बात आहे."

"चाक दसऱ्याला तयार होतं म्हणता, तर तेव्हाच का नाही आलात?"

"चिखलात चालवून बघितल्याबिगर कागद करायचा? अन् फेल गेलं असतं म्हंजे?"

श्रीकांतनं कपाळ चोळलं. एवढा वेळ पिशवी मांडीवर धरून बसलेल्या बाई तेव्हा पुढे सरकल्या. या हिम्मतरावांच्या मंडळी.

"आमचंच आधीचं आहे. पुरावा आणलाय मी," त्या म्हणाल्या. "यांना आठवला नाही. मला आठवला."

प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोटो निघाला. खंडेनवमीची पूजा. पाटावर चाक, चाकाला झेंडूचा हार, भोवती सगळी गल्ली. एक जण उकिडवा बसून भोकात बोट घालून बघतोय. कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख: ऑक्टोबर त्र्याण्णव. आणि सोळाच्या सोळा भोकांच्या कडांना लालभडक कुंकू.

श्रीकांतनं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"कुंकू कुणी लावलं?"

"मी," बाई खुलल्या. "बोटानं. एक पण सोडलं नाही."

श्रीकांतनं भिंग खाली ठेवलं. "काकू, अर्ज करायच्या आधी चाक लोकांनी बघितलेलं चालत नाही. इथं सगळ्या गल्लीनं बघितलंय. भोकं किती, कशी, कुठल्या बाजूला कललेली... कुंकवामुळं तर आंधळ्यालाही दिसेल."

"मग पूजा काय दार लावून करायची?"

"कायद्याप्रमाणे, हो."

"फाडून टाका," हिम्मतराव म्हणाले. "तुम्ही बघितला नाही, आम्ही आणला नाही."

"थांबा. फोटो नाही दिला तर तुमचा अर्ज जातो, त्यांचा राहतो. दिला तर दोघांचेही जातात. त्यांच्या डिसेंबरच्याही आधी चाक सगळ्यांसमोर होतं."

"मग चाक कुणाचं?"

"कुणाचंच नाही. कुणीही बनवावं. तुम्ही, ती कंपनी, हा बोट घालून बसलाय तोसुद्धा."

"यादगिरी?" हिम्मतराव उठूनच उभे राहिले. "अहो, त्याला वेल्डिंग धड येत नाही!"

हिम्मतराव खिडकीपाशी गेले, परत आले. टेबलावरची तिन्ही पत्रं उचलली, एकावर एक नीट लावली, आणि धाडकन आपटली.

बाई उजव्या हाताचं बोट पदरानं पुसत होत्या. बोटाला काहीच नव्हतं. "नुसती हळद लावली असती," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "तर एवढं दिसलं नसतं."

हिम्मतरावांनी त्या बोटाकडे बघितलं. मग खुर्चीत बसले आणि फोटो श्रीकांतकडे सरकवला. "द्या पाठवून."

श्रीकांतनं टाइपरायटरमध्ये कागद चढवला. इंग्रजीत एकेक वाक्य उमटवून तो मराठीत सांगत होता. "सोबतच्या फोटोत चाकाची सोळाही तिरपी भोकं स्पष्ट दिसतात."

"कुंकू लिहिलं?"

"गरज नाही हिम्मतराव. त्यांना भोकांशी मतलब."

"लिहा. त्याच्याबिगर दिसली असती काय? कुणी लावलं ते पण लिहा. नावानिशी."

श्रीकांतची बोटं थांबली. "काकूंचं नाव काय?"

बाईंनी पदर सोडला आणि नवऱ्याकडे बघितलं. लग्नाच्या एकतीस वर्षांत हिम्मतरावांनी बायकोचं नाव परक्या माणसासमोर कधी उच्चारलं नव्हतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि कागदावर वाकले.

"सुशीला," ते म्हणाले.