कुलूप

समोरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानापाशी ती बाई आजही उभी होती.

मुलाचा हात धरून शाळेच्या फाटकाबाहेर पडताना आईने तिला न बघितल्यासारखं करून नीट बघून घेतलं. करडा स्वेटर, काखेत कापडी पिशवी, हातात उघडं पुस्तक आणि नजर फाटकावर. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं तिचं स्वतःबद्दल मत होतं.

बाईने दोघांकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि पुस्तक मिटलं. चार आठवडे रोज हेच.

"तू ओळखतोस का रे त्यांना?"

"कोणाला?" मुलगा म्हणाला. फरशीच्या रेघांवर पाय न पडू देणं हे त्याचं त्या क्षणी मुख्य काम होतं.

शाळा तीनला सुटायची. ज्यांचे आईवडील दोघेही नोकरीवर, ती पोरं तळमजल्यावरच्या एका खोलीत साडेसहापर्यंत थांबत. माहितीपत्रकात खोलीचं नाव 'स्नेहकक्ष' होतं. पोरं तिला 'थांबा' म्हणायची. भिंतीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला एकेकाच्या नावाची पाटी. न्यायला कोणी आलं की आपली पाटी काढून खोक्यात टाकायची आणि सुटायचं. ज्याची पाटी शेवटी उरेल तो 'कुलूप'. त्याने खुर्च्या रचायला मदत करायची, दिवा मालवायचा आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत 'ए कुलूप' या हाकेला ओ द्यायची.

चष्म्याचं दुकान सहाला बंद व्हायचं. आई धापा टाकत सव्वासहाला पोचायची. मुलगा सलग अडीच महिने कुलूप होता. मग त्याचं सकाळी पोट दुखायला लागलं. फक्त सोमवार ते शुक्रवार. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आईने राजीनामा लिहून दुकानातल्या खणात ठेवला, चष्म्यांच्या सुट्या काड्यांखाली.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी शाळेत नवी आली. पहिला आठवडा तीही लवकर जायची. मग मात्र रोज शेवटी तिचीच पाटी उरू लागली. मुलाची पोटदुखी औषधाशिवाय थांबली. राजीनामा काड्यांखालीच राहिला.

"एकेकीच्या आया तरी बघ," आई नवऱ्याला म्हणाली. "मी जिवाचा आटापिटा करून सव्वासहाला पोचते, आणि हिच्या आईचा तेव्हाही पत्ता नसतो."

"अडकत असेल कामात. तुलाही असंच नावं ठेवत असतील."

"माझी गोष्ट वेगळी."

वेगळी होतीच. आपल्यानंतर येणारं कोणी सापडलं, की माणूस आपोआप वेळेवर येणाऱ्यांत जमा होतो.

शाळेचं ते चांगुलपणाचं वर्ष होतं. मागचं वर्ष स्वच्छतेचं होतं, ते एकदाचं उरकलं होतं. थांब्यात एक पेटी ठेवली होती. कोणी काही चांगलं करताना दिसलं, की चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. स्वतःचं कौतुक मात्र लिहायचं नाही. थांब्याच्या बाई शुक्रवारी चिठ्ठ्या फळ्यावर टाचत. पहिल्या महिन्यात निम्म्या चिठ्ठ्यांवर 'बाई खूप छान आहेत' असं होतं. बाईंनी त्यातली एकही वगळली नव्हती.

त्या गुरुवारी कोपऱ्यावर मुलाच्या बुटाची नाडी सुटली. आई बांधायला वाकली आणि तिने मागे वळून पाहिलं. ती बाई रस्ता ओलांडून थेट फाटकाकडे निघाली होती.

आत वेण्यावाली एकटी होती. आई परत फिरली असती, पण बस आली.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती मुख्याध्यापिकांसमोर बसली.

"काय केलं त्या बाईंनी?"

"काही नाही. तेच तर."

"म्हणजे?"

"नुसत्या उभ्या असतात हो. पुस्तक धरतात, वाचत नाहीत. मी माझ्यासाठी नाही सांगत. माझा मुलगा माझ्याबरोबर असतो. ती दोन वेण्यांची मुलगी आत एकटी असते, आणि तिच्या आईला तर काही पडलेलं दिसत नाही."

मुख्याध्यापिकांनी सगळं लिहून घेतलं आणि 'एकटी' या शब्दाखाली रेघ मारली. दुपारी फाटकावर कागद चिकटला: 'शाळेबाहेर थांबण्यास सक्त मनाई. पालकांनी आल्याबरोबर आत येऊन आपले मूल घेऊन जावे.'

संध्याकाळी दुकानापाशी कोणी नव्हतं.

"आली होती का?" आईने वॉचमनला विचारलं.

"साडेपाचला. दाखवला कागद. म्हणते, थोडा वेळ उभी राहू द्या ना. म्हटलं, एक मिनिट नाही. नियम म्हणजे नियम."

"बरं केलंत."

"आता नाही दिसायची तिथे."

आई हलक्या पावलांनी थांब्यात शिरली. खुर्च्या टेबलांवर उलट्या रचलेल्या होत्या. भिंतीवर एकच पाटी लटकत होती. मुलगा दिव्याच्या बटणाखाली दप्तर पाठीला लावून उभा होता. एक हात पोटावर होता.

"वेण्यावाली कुठंय?"

"गेली. केव्हाच."

"आज बरा वेळ मिळाला तिच्या आईला," आई थांब्याच्या बाईंकडे बघून म्हणाली.

बाईंनी पेटीतली शेवटची चिठ्ठी फळ्यावर टाचली आणि बाजूला सरकल्या. कागद वहीचा होता, अक्षर पेन्सिलीचं, ओळ सोडून वर चढत गेलेलं.

'माझी आई रोज साडेपाचलाच येते. पण मी सांगितलंय म्हणून समोरच्या दुकानापाशी थांबते. त्याची आई त्याला घेऊन गेली की मगच आत येते. म्हणजे कुलूप मी होते.'