नऊ हजार नऊशे ब्याऐंशी

अकरा वाजून दहा मिनिटांनी डोणगावच्या कॉलेजात वीज गेली. हॉलमधला माइक पाहुण्यांच्या भाषणातच बंद पडला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र चाचणीचं यंत्र इन्व्हर्टरवर चालू राहिलं. पडद्यावर आकडा होता ९,९६१.

यंत्राला शर्टाच्या गुंडीएवढा एक सेल जोडला होता. त्यातला इलेक्ट्रोड कोबाल्टचा नव्हता, निकेलचाही नव्हता. इथे पीएच.डी. करणाऱ्या मंजुश्रीने तीन वर्षं खपून बनवलेल्या काळ्या भुकटीचा होता: धातूविना तयार केलेला, असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पॉलिमर. तो टिकतो हे दाखवायला सेल दहा हजार वेळा चार्ज करून रिकामा करायचा होता. एका फेरीला दोन मिनिटं. आज चौदावा दिवस. मध्ये खंड पडला, की पुन्हा पहिल्यापासून. आधीचा सेल वीज गेल्याने ६,२१४ वर बाद झाला होता. इन्व्हर्टर त्यानंतर आला.

प्रयोगशाळेतला शिपाई देवानंद दारात आला. रोज सकाळी दारामागे खडूने आकडा लिहिणारा तोच.

"ताई, इन्व्हर्टर हॉलात न्याले सांगतलं प्राचार्यानं."

"बारा अठ्ठावीसला दहा हजार पुरे होतात. मग न्या, देवानंदभाऊ."

"तवर पाहुणे जेवाले बसतीन."

"जेवाले माइक कायले लागते?"

देवानंद हसत परत गेला. पावणेबाराला प्राचार्य भगवानरावांच्या मागे पुन्हा आला. आता हसत नव्हता.

"पाहुणे ग्रामीण भागातल्या संशोधनावर बोलून राह्यले," प्राचार्य म्हणाले. "मागच्या रांगेले काही ऐकू येत नाही."

"त्यांना पुढे बसवा, सर."

"किती झाले तुझे?"

"नऊ हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर."

"मग लिहून टाक दहा हजार. कोण मोजून राह्यलं?"

"मशीन मोजून राह्यली."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "तुझा प्रगती अहवाल माझ्या सहीनं जाते. ध्यानात ठेव."

"ठेवलं, सर."

ती उठली आणि इन्व्हर्टरच्या ट्रॉलीवर जाऊन बसली. प्लग तिच्या टाचेमागे होता.

"देवानंद, काढ तो प्लग."

देवानंदने पडद्याकडे पाहिलं. मग तो बेसिनपाशी गेला, नळ सोडला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याखाली धरले.

"माहे हात वले हायेत, सर. शॉक लागंन."

"मग पूस ना!"

"पुसतो."

अकरा बावन्नला आकडा ९,९८२ होता. मंजुश्री ट्रॉलीवर बसलेली होती. प्राचार्य दारात उभे होते. देवानंदने नळ अजून बंद केला नव्हता.